माती कुणासाठी थांबते

सरळ सांगते. रिटायर झाल्यावर कुठं राहायचं हे आमच्या घरात वडलांनी ठरवलं. आईला कुणी विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, तर ते कुणी ऐकलं नाही. पत्रकं लिहून लिहून मला पहिल्या ओळीतच मुद्दा मांडायची सवय लागली आहे. मुद्दा हा. आता बाकीचं.

वडील कुपवाडच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत होते. तरुणपणी कराडच्या वरच्या अंगाचं आपलं गाव सोडून आले, मोल्डिंग खात्याला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आई गल्लीतल्या बायकांना घेऊन कांदा-लसूण चटणी करायची. मिरच्या वाळवायच्या, मसाले भाजायचे, डंकावर कुटून आणायचे, पिशव्या भरायच्या, दुकानांना पोचवायच्या. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत परका माणूस शिरला की शिंकतच बाहेर पडायचा. तिला शाल मिळाली नाही, कारण ती कशातनंच रिटायर होणार नव्हती. बायका होत नाहीत.

गल्ली म्हणजे काही स्वर्ग नव्हता. नळाला पाणी आलं की भांडणं, गटारीवरून भांडणं. कोण कुठल्या जातीचं हे प्रत्येकाला पाठ होतं, उगाच गोडगोड लिहिणार नाही. पण समोरच्या अक्का अथणीकडच्या कानडी, कोपऱ्यावरची मावशी बौद्ध, आमची आई तासगावकडच्या शेतकरी मराठ्यांची, आणि तिघी एकाच परातीत चटणी कालवायच्या. आई आजारी पडली तेव्हा अक्कांनी तिचे कपडे धुतले. अक्कांचा नवरा गेला तेव्हा त्या आमच्या खोलीत येऊन झोपायच्या. मला डबा करून शाळेत कुणी धाडलं, हे आठवायला गेलं तर तिघींची तोंडं एकमेकींत मिसळतात.

मी एकुलती एक. भाऊ नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण वडलांच्या डोक्यातलं पुढचं सगळं गणित त्याच्यावर उभं होतं.

रिटायर होण्याच्या थोडं आधी त्यांच्याच खात्यातला एक माणूस वारला. त्याचं गाव लांब सीमेपलीकडं, पोरगा परदेशात, बायको आधीच गेलेली. महापालिकेची गाडी आली. वडील आणि खात्यातले तिघं-चौघं गेले. गाडीतून उतरवायला ड्रायव्हरनं हात लावला म्हणून बरं, असं वडील घरी येऊन म्हणाले आणि मग त्या दिवशी जेवलेच नाहीत.

आमच्या भागात अंत्यविधीला माती म्हणतात. जाळलं तरी मातीच. ‘मातीला गेलो होतो’, ‘मातीला किती लोक होती’. माणूस कसा जगला याचा निकाल इथं त्याच्या मातीला किती माणूस आलं यावर लागतो. गावात याच्याएवढी कडक परीक्षा नाही, आणि परीक्षा देणारा नेमका गैरहजर असतो.

वडलांनी गावाला जायचं काढलं ते त्या दिवसापासून.

“हितं मी मेलो तर काय हुईल म्हाईत हाय का तुमाला?” ते आम्हा दोघींना म्हणाले. “ड्रायव्हर उतरवील मला. पोरगा न्हाई, भावकी लांब. खांदा कोण देणार? ही गल्ली?”

“देईल की गल्ली,” आई म्हणाली. “न द्यायला काय झालंय?”

“गल्लीत निम्मी भाडेकरू. आज हाय, उद्या न्हाई.”

“आवं, मेल्यावरचं बघून जित्यापणी ऱ्हायाचं व्हय? मला हितनं न्हेऊ नका. माझं काय न्हाई त्या गावात.”

“तुझं सासर हाय त्ये.”

“सासू ऱ्हाईली न्हाई, सासरा ऱ्हायला न्हाई. सासर कशाचं, भिंतीचं?”

मी तेव्हा कराडजवळ मलकापूरला खोली घेऊन राहत होते, अजूनही राहते. एकट्या बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संघटनेत आहे. घर नावावर नसलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या, दिरानं हाकललेल्या बायकांसाठी तहसीलसमोर बसते, घोषणा देते. त्या दिवशी आई हसत म्हणाली, “तुझ्या पत्रकात माझं बी एक लिव की. नवऱ्यानं न टाकता सोबत न्हेलेली बाई.” मी वडलांशी कडाकडा भांडले. घरावर तिचा हक्क आहे, तिच्या चटणीच्या पैशावर स्लॅब पडलाय, तुम्ही एकट्यानं विकू शकत नाही. वडील शांतपणे म्हणाले, “तिला इचार. ती सही करती का न्हाई बघ.” आईनं सही केली. का केली, म्हणून मी तिला विचारलं. “आता ह्या वयात ह्यांना एकटं धाडू? भाकरी कोण करून घालंल?” म्हणाली. यावर पत्रक लिहिता येत नाही. मी लिहून बघितलंय.

कुपवाडचं घर गेलं. गावात चुलत्यांच्या शेजारी वडलांच्या वाट्याच्या जागेत दोन खोल्यांचं घर उठलं. वडील खूष होते. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की गावानं त्यांचं नाव बदललंय. कुपवाडला त्यांना उभी फौंड्री ‘कराडकर’ म्हणायची. गावात ते ‘कुपवाडकर’ झाले. पारावर बसायला गेले की कुणीतरी म्हणायचं, “या कुपवाडकर, पाव्हण्याला जागा द्या रं.” थट्टाच ती, पण रोजची.

एकदा मी होते तेव्हा चुलत्यांनी ते तोंडावर सांगितलं. चुलते म्हणजे वडलांचे चुलतभाऊ, त्यांच्याच वयाचे, गावातल्या सगळ्या मातींचे पुढारी. बांबू कुठून आणायचा, मडकं कुणी धरायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं त्यांच्या जिभेवर.

“दादा, राग मानू नगं,” ते म्हणाले. “पर तू इतकी वर्सं कुणाच्या मातीला आलायस? माझ्या बापाच्या आलास, बास. आबा गेलं, तवा न्हाईस. तात्या गेलं, तवा न्हाईस.”

“ड्युटी असायची रं.”

“आमाला बी उसाला तोड असायची. तरी आमी जायाचो.”

वडलांनी मान खाली घातली. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन नोकरी धरली. हे मी चिडून म्हणतेय, पण शब्द बरोबर आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दुःखद निधन’ पडलं की ते उठायचे. गाडीच्या डिकीत पांढरी टोपी आणि पंचा कायमचा. आपल्या गावातली माती, शेजारच्या गावातली, भावकीच्या पाव्हण्यांच्या पाव्हण्यांची. तिसऱ्या दिवशी सावडायला, म्हणजे राख भरायला, परत हजर. मेलेला माणूस कोण हे कधीकधी तिथं गेल्यावर चेहऱ्यावरचं कापड काढल्यावर कळायचं. खांदा द्यायला पुढं सरायचे. गुडघे दुखायचे तरी सरायचे.

“कशाला जाताय?” मी विचारायची. “ओळख तरी होती का?”

“वळख मेलेल्याची न्हाई ठेवायची, मागं ऱ्हायलेल्यांची ठेवायची. त्यांनी बघितलं पायजे आपण आलतो म्हणून.”

आणि ते चाललंही. वर्षाच्या आत ‘पाव्हणं’ गेलं. ‘दादा’ म्हणू लागले. तंट्याच्या बैठकीला बोलावणं येऊ लागलं. वडलांची छाती भरली. त्यांना राहायला जागा मिळाली होती, माणसांत. याचा मला राग येत नव्हता. राग याचा यायचा की त्याच घरात दुसरं एक माणूस दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं आणि ते कुणाच्या मोजणीत नव्हतं.

गावात आई पन्नाशी ओलांडून परत सून झाली. डोक्यावर पदर, वडीलधारं दिसलं की वाटेच्या कडेला थांबायचं. तिला ‘कुपवाडची’ म्हणायचे, आणि तिचं ते कधी ‘वहिनी’ झालं नाही, कारण बायकांना मातीला जाऊन नाव कमावता येत नाही. बायका घरात रडतात, स्मशानात जात नाहीत. चटणी करून बघितली तिनं. पण तिथं घरोघरी आपापली चटणी, विकत कोण घेणार? उलट कुणीतरी म्हणालं, दादांच्या बायकूला काय कमी हाय म्हणून चटणी इकती? वडलांनी ते बंद करायला लावलं.

दुपारी ती अक्कांना फोन लावायची आणि स्पीकरवर टाकून भाजी निवडत बसायची. मी एकदा जवळ बसून ऐकलं. पलीकडं गल्लीतलं नेहमीचं भांडण चालू होतं, पाण्याचं, आणि अक्का मधेच ओरडत होत्या, “अय्यव्वा, माझी घागर कुणी सरकवली?” आई हसली आणि इकडनं म्हणाली, “त्या कोपऱ्यावरच्या मावशीनंच, दुसरी कोण!” पलीकडं मावशी चिडली, “तिकडं बसून बी माझ्यावरच का गं?” तिघी हसायला लागल्या. फोन संपल्यावर आई म्हणाली, “हितं मला कुणी हाकच मारत न्हाई गं. येत्यात, ह्यांच्याकडं निरोप देत्यात, जात्यात. दिवसच्या दिवस माझं नाव कुणाच्या तोंडात येत न्हाई.”

मी म्हटलं, चल माझ्याकडं मलकापूरला. ती म्हणाली, तुझी एक खोली, त्यात तुझी पत्रकं, मी कुठं बसू? मग कुपवाडला अक्कांकडं जाऊन राहा महिनाभर. “ह्यांना विचारते,” म्हणाली. वडील म्हणाले, “लोक काय म्हणतील? आता कुठं आपण हितलं झालोय.” ‘आपण’ म्हणाले ते. मला आठवतंय.

ती गेली ती अचानक. सकाळी चुलीपाशी छातीत कळ आली, चुलत्यांच्या पोरानं गाडी काढली, कराडला पोचेपर्यंत संपलं होतं. मी मलकापूरहून दवाखान्यात पोचले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती आणि वडील भिंतीला टेकून खाली बसले होते. मी पहिला फोन अक्कांना केला. अक्का म्हणाल्या, “टेम्पो बघते. आलोच आमी सगळ्या. थांबा.”

थांबा. हा शब्द मी गावात घेऊन गेले.

दारात ताडपत्री टाकली होती. माणूस येतच होतं. टोप्याच टोप्या. ज्यांच्या ज्यांच्या घरच्या मातीला वडील गेले होते ती सगळी गावं आली होती, शेताच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती. चुलते सगळं बघत होते. आमच्याकडं बाईची माती माहेरची साडी आल्याशिवाय उचलत नाहीत. त्यामुळं तासगावकडनं आईचा भाचा येईपर्यंत थांबायचं ठरलं. त्या भाच्याची द्राक्षबाग, बेदाण्याची शेड, तो माणूस आईला गेल्या कित्येक वर्षांत भेटला नव्हता. ऊन चढलं. तरी सगळे निमूट थांबले. कुणी कुरकुरलं नाही. तो आला, गाडीतनं उतरला, साडी घातली, पाया पडला.

“चला,” चुलते म्हणाले. “उचला.”

“थांबा,” मी म्हटलं. “कुपवाडनं माणसं येतायत. इस्लामपूरच्या पुढं आलीत.”

“कोण माणसं?”

“आईच्या गल्लीतल्या.”

“नात्यातल्या हायत का?”

मी तोंड उघडलं आणि मला शब्द सापडेना. भाषणं ठोकते मी. तहसीलदाराला घाम फोडते. पण शेजारीण म्हटलं तर कुणी थांबणार नव्हतं, मैत्रीण म्हटलं असतं तर हसले असते. म्हाताऱ्या बाईला कुठली मैत्रीण? चटणी करणाऱ्या, घागरीवरून भांडणाऱ्या, तिचं बाळंतपण केलेल्या, या बायकांना ज्या नात्यानं हाक मारायची ते नातंच आमच्या गावाच्या यादीत नाही.

“माझ्या मावश्या आहेत,” मी म्हटलं.

“मावश्या तासगावच्या. त्या मगाच आल्या,” चुलते म्हणाले. ते वाईटपणानं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. “बाळ, लोक सकाळपासनं ताटकळल्यात. कुणाकुणासाठी थांबायचं?”

मी वडलांकडं बघितलं. सगळं गाव त्यांच्यासाठी आलं होतं. त्यांनी नुसता हात वर केला असता तरी ती सगळी माणसं संध्याकाळपर्यंत उभी राहिली असती, एवढं त्यांनी कमावलं होतं. अक्कांना ते माझ्या जन्माच्या आधीपासून ओळखत होते. त्यांच्या हातचं खाल्लं होतं.

“बाबा, सांगा ना.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गर्दीकडं बघितलं. “लोक उन्हात हायती,” म्हणाले. “उचला.”

टेम्पो आला तेव्हा ज्वाळा खाली बसत आल्या होत्या आणि निम्मी माणसं पांगली होती. मी स्मशानशेडच्या वाटेला उभी होते. मागच्या फाळक्यातनं एकेक बाई उतरली, अंग धुळीनं भरलेलं. कोपऱ्यावरची मावशी उतरली, धूर बघितला आणि तिथंच खाली बसली. अक्कांच्या हातात पिशवी होती. पिशवीत साडी. सगळ्यांनी मिळून घेतलेली, आईला आवडायचा तसला डाळिंबी रंग.

“आता कुठं ठिवू ही?” अक्का मला म्हणाल्या.

एक म्हातारे गृहस्थ पुढं आले. “बाई, बायका येत न्हाईत हितं.”

“आमी आत यायला न्हाई आलो अण्णा,” अक्का म्हणाल्या. “तिला बघायला आलोय. लांबनं बघतो.”

वडील समोर आले. अक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“थांबला न्हाईसा व्हय, भाऊ?”

“लोक लय होती, अक्का.”

“व्हय. लोक लय होती, दिसतंय की.” त्यांनी वाटेवरच्या गाड्यांकडं बघितलं. “तिला वळखत हुती का पर कुणी?”

त्या घरी आल्या नाहीत. पाण्यालाही थांबल्या नाहीत. मातीहून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, तशा न बोलता टेम्पोत चढल्या. साडी पिशवीसकट घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी राख भरली आणि मग भाषणं झाली. परगावच्या वाचकांना पटणार नाही, पण आमच्याकडं राख नदीत सोडली की माईक लागतो आणि पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करतात. एक गृहस्थ उभे राहिले. खादी, काळा चष्मा. आईला त्यांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. म्हणाले, माउलीनं परगावी राहून पतीची साथ दिली, पण मनात कायम या गावाची ओढ होती. म्हणाले, आयुष्याची संध्याकाळ आपल्या माणसांत घालवायची तिची इच्छा होती, ती परमेश्वरानं पुरी केली. माणसं माना डोलवत होती. वडीलही.

मी उठले आणि माईक घेतला. कुणी अडवायच्या आत घ्यायची मला सवय आहे.

“माझ्या आईला या गावाची ओढ नव्हती,” मी म्हटलं. “तिला कुपवाडलाच राहायचं होतं. ती तसं बोलली होती. तिची माणसं तिथं होती, आणि परवा ती माणसं वाटेत असताना तुम्ही आईला उचललं. जे खोटं आहे ते तिची राख सोडलेल्या नदीकाठी बोलू नका.”

माना डोलायच्या थांबल्या. मग कुणीतरी हळूच म्हणालं, “पोरीला धक्का बसलाय,” आणि एक हात आला, माईक गेला. दोन मिनिटं स्तब्धता पाळली. मला उत्तर कुणी दिलं नाही. उत्तर देण्याएवढंही मी कुणाची लागत नव्हते.

वडील वाटभर माझ्या पुढं चालत राहिले. घरी येऊन त्यांनी दगडावर उभं राहून पायावर पाणी ओतून घेतलं. मग माझ्याकडं वळले. मला वाटलं, आता मारतील. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. इतकी उघडी भीती मी त्यांच्या तोंडावर कधी बघितली नव्हती.

“किती जणांच्या मातीला गेलो मी,” ते म्हणाले. “गुडघं गेलं माझं. आणि तू एका दमात समदं घालवलंस. आता मला कोण येणार?”

“मी येईन,” मी म्हटलं.

“तू बाईमाणूस हायस,” ते म्हणाले, आणि आत गेले.